बाबा कशाकडे बघून हसले

फिल्म चौदा मिनिटांची आहे. नवव्या मिनिटाला बाबा हसतात. साडेतीन सेकंद. त्यानंतर लगेच गुडघ्यांवर बसलेली तीन माणसं दिसतात. त्या तिघांचं पुढे काय होतं ते मी इथे लिहिणार नाही. ज्यांनी फिल्म केली, त्यांना ते सगळ्यांनी बघावं आणि एकमेकांना सांगावं असंच वाटत होतं. तेवढं काम लोकांनी केलेलं आहे.

बाबा पाणीपुरवठा खात्यात पंप मेकॅनिक होते. खात्यात त्यांना सगळे मास्तर म्हणत. नवीन लागलेला इंजिनीयर असो की झाडूवाला, पंपाचं काही शिकायचं असलं की बाबांकडे पाठवत. नदीपलीकडचं गाव वर्षभर ही फिल्म करणाऱ्या बंदूकधारी लोकांच्या ताब्यात होतं. तिथला पंप बंद पडला आणि गावाचं पाणी तुटलं. गावकऱ्यांनी मध्यस्थ पाठवले, दोन्ही बाजूंनी परवानगीचे कागद झाले आणि खात्याने चौघांना जीपमधून पाठवलं. बाबा, दोन फिटर आणि ड्रायव्हर. ड्रायव्हर इतका उंच होता की बाबा त्याला शिडी म्हणत. "शिडी, तू गाडीत मावतोस तरी कसा?" हा त्यांचा रोजचा प्रश्न. "घडी घालून, मास्तर," हे त्याचं रोजचं उत्तर.

काम दोन दिवसांचं होतं. नऊ आठवडे कुणीच परत आलं नाही. मग फिल्म आली.

पहिली आठ मिनिटं चांगली आहेत. असं म्हणणं विचित्र वाटतं, पण ती खरोखरच चांगली आहेत. वरून घेतलेलं गाव, कोरडी टाकी, रांगेतली रिकामी भांडी. मग पंपघर, यंत्र उघडून बसलेले बाबा, मग टाकीत कोसळणारं पाणी, ओल्या हातांनी तोंड पुसणारी एक म्हातारी. मागे एक भारदस्त आवाज सांगत राहतो की आम्ही पाणी देतो, दवाखाना चालवतो, रस्ते झाडतो. नवव्या मिनिटाला तोच आवाज न थांबता म्हणतो, "आणि ज्यांनी पाणी तोडलं, त्यांना शिक्षाही देतो." आवाज चालू असतानाच बाबा मान वर करून कशाकडे तरी बघतात आणि हसतात. मग ती तीन माणसं. दोन फिटर आणि शिडी.

काहींनी आपल्याबद्दल चांगलं बोलावं आणि बाकीच्यांनी भीतीने आपल्याविरुद्ध बोलूच नये, अशी दोन्ही कामं त्यांनी एकाच फिल्ममध्ये उरकली होती. मधला सांधा म्हणून माझे बाबा वापरले होते.

मी मुद्रितशोधक आहे. शाळेची पुस्तकं आणि शब्दकोश छापणाऱ्या एका छापखान्यात सतरा वर्षं प्रुफं तपासते. पहिल्यांदा फिल्म बघतानाही माझी नजर आवाजाबरोबर पडद्याच्या तळाशी उमटणाऱ्या अक्षरांवरून फिरत होती. डोळे सवयीने चुका शोधत होते. एकही चूक नव्हती. विरामचिन्हंसुद्धा जागच्या जागी. कुणीतरी आमच्यासारखाच टेबलाशी बसून, चष्मा पुसून, ते दोनदा तपासलं असणार.

आमच्या शहरात ती सगळ्यांनी बघितली. दुकानदार म्हणाला, "तुमचे वडील तब्येतीने बरे दिसले हो. माणूस सुखात असला की दिसतं." मी पिशवी उचलली आणि बाहेर पडले. खात्याच्या कंपाउंडवर कुणीतरी खडूने 'हसरे मास्तर' असं लिहून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुसलं, तिसऱ्या दिवशी रंगाने लिहिलेलं होतं.

फिल्म आल्यावर सहा आठवड्यांनी बाबा तिकडेच वारले. एका मदत संस्थेची गाडी त्यांना घेऊन आली. सोबत एक कागद होता: हृदय बंद पडल्याने मृत्यू. त्यावर माझा विश्वास आहे का, हे मी स्वतःला विचारत नाही. विचारून जाणार कुठे? त्यांना निरोप द्यायला खात्यातून दोनच माणसं आली आणि तीही मागे उभी राहिली.

एक गोष्ट लिहायची लाज वाटते, पण लिहिते. मला त्या तिघांच्या घरांचा हेवा वाटायचा. त्यांच्याकडे लोक नुसते जाऊन बसायचे. त्यांची माणसं मारली गेली हे सगळ्या जगाने बघितलं होतं. आमचं माणूस हसलं, एवढंच जगाने बघितलं होतं.

मुख्य पंपघराच्या फाटकाशी पाटी लावायचं ठरलं. कामावर असताना गेलेल्यांची नावं, दगडात कोरून. मी खात्याच्या साहेबांना भेटायला गेले.

"बसा ताई. चहा सांगू?"

"नको. पाटीचं विचारायला आले."

"होतेय तयार. तीन नावं आहेत."

"चौघं गेले होते, साहेब."

"गेले चौघंच. खरं आहे." साहेबांनी टेबलावरची टाचणी उचलली आणि परत ठेवली. "हे बघा, वॉल्व्ह कुठल्या बाजूला फिरवायचा हे मला मास्तरांनी शिकवलं, कॉलेजने नाही. पण पाटी लावू तेव्हा तिन्ही घरची माणसं समोर बसणार. त्यातलं कुणी उठून म्हणालं, माझा माणूस मरताना जो हसत होता त्याचं नाव इथे कसं? मी काय सांगू?"

"ते त्यांच्याकडे बघून हसत नव्हते."

"मला माहीत आहे."

"मग तेच सांगा."

"ताई, मला माहीत असून काय होतंय? डोळ्यांना दिसतं ते दिसतं." त्यांनी टाचणी पुन्हा उचलून डबीत टाकली. मग म्हणाले, "तिन्ही घरांनी लिहून दिलं, आमची हरकत नाही म्हणून, तर चौथं नाव मी स्वतः उभा राहून कोरून घेतो. दगडात एका ओळीची जागा ठेवायला सांगतो. महिनाभर थांबेन."

ती एक ओळ मला हवी होती. दुसरं काही नको होतं.

त्याआधी मी इंटरनेटवरून फिल्म काढून टाका म्हणून जिथे जिथे लिहिता येईल तिथे लिहिलं होतं. उत्तरं नम्र यायची. फिल्म एका ठिकाणाहून जायची आणि चार ठिकाणी वेगळ्या नावाने उगवायची. आता मी ते सोडलं आणि उलटं काम सुरू केलं. ती तपासायला घेतली.

आमच्या कामात पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवतात. मजकूर वाचायचा नाही, अक्षरं बघायची. वाचायला लागलं की डोळा पुढे पळतो, मनच चुका दुरुस्त करून टाकतं आणि चूक निसटते. काही जण तर ओळ शेवटाकडून सुरुवातीकडे तपासतात. मी फिल्म तशीच बघायला लागले. आवाज बंद करून, शेवटाकडून, एकेक चित्र थांबवून. सकाळी कामावर जाण्याआधी एक तास. आई तेव्हा स्वयंपाकघरात असायची. तिने फिल्म बघितली नव्हती आणि मी खोलीचं दार लावून काय करते हेही कधी विचारलं नाही.

पंधराव्या दिवशी मला बाबांच्या चष्म्यात काहीतरी दिसलं. दोन्ही काचांत एकेक पांढरा गोल. मी ऑपरेटरकाकांना बोलावलं. बाबांबरोबर चाळीस वर्षं पंपघरात होते. यंत्रांच्या आवाजाने त्यांचे कान गेलेत, त्यामुळे ते कायम ओरडूनच बोलतात.

"काका, हळू. आई आहे आत."

"हळूच बोलतोय!" ते ओरडले. "मोठं कर ते. अजून. अजून कर. थांब! अगं वेडे, हे तर डायल आहे!"

"कशावरून?"

"कशावरून म्हणे! चाळीस वर्षं या थोबाडासमोर बसलोय. बायकोकडे एवढं बघितलं असतं तर ती एवढी चिडचिडी झाली नसती. प्रेशरचं डायल आहे. ही बघ सुई."

गोलात एक बारीक काळी रेघ होती.

"आणि गालावर हे काय?" मी विचारलं.

"पाणी. पंप सुरू करायच्या आधी पोटातली हवा काढावी लागते ना. वर छोटा कॉक असतो, तो उघडला की पहिल्यांदा नुसता फुसफुसतो आणि मग थुंकतो तोंडावर. तुझा बाप कधी बाजूला सरकला नाही. मी म्हणायचो, मास्तर, टॉवेल घ्या. ते म्हणायचे, नंतर." काकांनी पडद्यावरच्या सुईवर बोट ठेवलं. "हवा राहिली असली की सुई थरथरते. सगळी निघाली की सुई थांबते, अगदी खिळ्यासारखी. तेव्हा हसायचा तो. एरवी स्वतःच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा हसला नाही. विचार तुझ्या आईला."

मला हे माहीत होतं. मी नऊ-दहा वर्षांची असताना बाबा सुट्टीच्या दिवशी मला पंपघरात नेत. माझा तळवा पंपाच्या अंगावर ठेवून म्हणत, "ऐक. हाताने ऐक." मला फक्त थरथर कळायची. मग ते डायलकडे बघत, सुई स्थिर व्हायची आणि त्यांच्या ओठाची डावी बाजू वर जायची. तेच हसू होतं ते. पण मला माहीत असणं आणि साहेबांना माहीत असणं, दोन्हींचा उपयोग सारखाच होता.

म्हणून मी फाइल केली. एकेचाळीस पानं. चष्म्यातलं डायल, तीन आकारांत. गालावरचे थेंब. बाबांच्या मागच्या भिंतीवरचं घड्याळ: हसताना बारा वाजून दहा मिनिटं, आणि ते चालू होतं, कारण आधीच्या चित्रात पावणेबारा होते. बाहेरच्या चित्रातल्या सावल्या मात्र लांबच लांब, म्हणजे सकाळ किंवा संध्याकाळ. दोन्ही गोष्टी एका वेळच्या असूच शकत नव्हत्या. बाबा पंपघराच्या आत होते, दुपारी, पाण्याकडे बघत. ते तिघं बाहेर होते, वेगळ्या वेळी, कदाचित वेगळ्या दिवशी. कुणीतरी कापून जोडलं होतं.

त्या तिघांपैकी कुणीही फाइलमध्ये दिसणार नाही याची मी काळजी घेतली. प्रत्येक चित्र कापलं. चेहरा नाही, कपडा नाही. ज्यांच्या घरी ही फाइल जाणार होती, त्यांनी काय बघू नये हे मला नीट कळत होतं, असं मला वाटत होतं.

थोरल्या फिटरच्या भावाने दारातच सही केली. फाइल उघडलीसुद्धा नाही. म्हणाला, "मास्तरांनी माझ्या भावाला कामाला लावलं. आणा पेन." धाकट्या फिटरची बायको माहेरी निघून गेली होती. तिचं टपालाने एका ओळीचं पत्र आलं, हरकत नाही. उरली शिडीची आई. महिन्यातले आठ दिवस शिल्लक होते.

ती शाळांचे गणवेश शिवते. एकच खोली, खिडकीशी मशीन, पलंगावर शर्टांचे ढीग. पूर्वी ती आमच्याकडे यायची. आईच्या सगळ्या ब्लाउजांची मापं तिला तोंडपाठ होती. फिल्म आल्यापासून आली नव्हती.

दुपारी मी दारात उभी राहिले. तिने मशीन थांबवलं नाही.

"चपला आत घे. बाहेरचं कुत्रं पळवतं."

मी घेतल्या.

"वाळलीस."

"तुम्हीही, मावशी."

"माझं वय झालं वाळायचं. तुझं काय?" टाका संपला. तिने दाताने दोरा तोडला. "काम असेल."

"हो."

"कामाशिवाय कोण येतं आता. बस. त्या कॉलरी जरा सरकव. खाली पाडू नकोस, जोड्या लावून ठेवल्यात."

मी बसले आणि सांगितलं. पाटी, दगडातली एक ओळ, साहेबांची अट, बाकीच्या दोन घरांच्या सह्या. ती कापडाची घडी मोडत आणि पुन्हा घालत ऐकत होती.

"मी बघितली नाही ती फिल्म," ती म्हणाली.

"बघायची नाहीच, मावशी. म्हणून तर ही फाइल केली. यात फक्त बाबा आहेत, घड्याळ आहे आणि थोडी जमीन आहे."

"जमीन कशाला?"

"सावल्यांसाठी."

तिने हात पदराला पुसले, चष्मा लावला आणि फाइल मांडीवर घेतली. ती घाईने चाळेल असं मला वाटलं होतं, पण ती प्रत्येक पान वाचत होती. शाळा फार शिकलेली नव्हती, ओळीखालून बोट फिरवत वाचत होती. डायलच्या पानावर थांबली.

"हे गोल म्हणजे ते मीटर?"

"हो. बाबा त्याच्याकडे बघतायत."

"आणि गालावर?"

"पाणी आहे. हवा काढताना उडतं."

"मला वाटलं रडतायत." तिने फोटोवरून अंगठा फिरवला. "मास्तर पान उलटताना सुद्धा बोटं पुसायचे. आमच्याकडे पंखा नीट करायला आले तर जाताना स्टूल पुसून ठेवलं."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी बाबांबद्दल साधं काही बोललं होतं. मला वाटलं, झालं. पेन माझ्या पर्समध्ये होतं आणि मी पर्सची चेन उघडलीसुद्धा.

तेविसाव्या पानावर तिचं बोट थांबलं.

ती हिशेब वाचतेय असं मला वाटलं. त्या पानावर वर बाबांचं चित्र होतं, घड्याळासकट. खाली बाहेरच्या जमिनीचा तुकडा, सावलीची लांबी दाखवणारा. "वरचं घड्याळ बघा, मावशी," मी सांगायला लागले, "बारा दहा. आणि खाली सावली केवढी आहे बघा. बाराला सावली एवढी..."

"गरम गाडीच्या रेडिएटरचं झाकण उघडलं होतं त्याने," ती म्हणाली.

मला समजलं नाही.

"वाफ आली सगळी अंगावर. मास्तरच ओरडले त्याला, गाढवा म्हणाले. आणि मास्तरांनीच अर्धा तास नळाखाली धरून ठेवला हात. म्हणून एवढाच डाग राहिला. नाहीतर सगळी कातडी गेली असती."

तिचं बोट खालच्या चित्रावर होतं.

मी वाकून बघितलं. खालच्या चित्रात कोपरापासून खाली एक हात होता. बोटं मातीला टेकलेली. मनगटाजवळ एक गुळगुळीत, फिकट डाग.

तो डाग मी पाहिलेला होता. आमच्या घरी, सोफ्यावर, बाही वर करून शिडीनेच मला दाखवला होता. "मास्तरांची सही आहे ही," म्हणाला होता. आणि तो हात मी या चित्रात कितीतरी दिवस बघत होते. मी त्याला पट्टी लावली होती. चित्राखाली माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं: हात ३१ मि.मी., सावली ७४ मि.मी.

मला हात दिसलाच नव्हता. सावली मोजायला उभी वस्तू हवी होती, ती दिसली होती. त्याच चित्रात दोन वीत पलीकडे जमिनीत ठोकलेली एक खुंटी होती. तिचीही सावली पडली होती. ती घेतली असती तरी चाललं असतं.

"मावशी," मी म्हणाले.

"किती वेळा बघितलीस तू ती फिल्म?"

"खूप वेळा."

"शेवटपर्यंत?"

"हो."

"काही बोलला का तो?"

"मी आवाज बंद करून बघते."

हे खरं होतं. पहिल्या दिवशी आवाज चालू होता, पण तेव्हा मी बाबांपाशीच थांबले होते. नंतर कधी आवाज लावला नाही. ती मला विचारत होती आणि मी एवढं बघूनही मला माहीत नव्हतं.

"बरं केलंस," ती म्हणाली. हे माझ्या भल्यासाठी म्हणाली की स्वतःच्या, कोण जाणे.

मग ती नुसती त्या पानाकडे बघत राहिली. बाहेर कुत्रं दाराशी येऊन बसलं आणि शेपटीने फरशी झोडपायला लागलं.

"वर मास्तर. खाली माझं पोरगं," ती म्हणाली. "त्या लोकांनी असंच लावलंय ना?"

"हो."

मी ते तसं लावलं नव्हतं. तुलना करायला सोपं जावं म्हणून एकाखाली एक घेतलं होतं. पण लागलं होतं तसंच. त्यांनी जे केलं होतं तेच मी एका पानावर, व्यवस्थित समास सोडून, केलं होतं आणि तिच्या मांडीवर आणून ठेवलं होतं.

तिने क्लिप उघडून ते पान सोडवलं. मशीनवरची मोठी कात्री उचलली. दोन चित्रांच्या मध्ये बोटभर पांढरी जागा होती. तिने खडूने आखलं नाही, घडी घातली नाही. कात्री त्या जागेतून एका दमात सरळ गेली. वरचा अर्धा भाग तिने मला दिला. खालच्या भागातून माझी मापं कापून बाजूला ठेवली आणि उरलेला तुकडा मशीनच्या ड्रॉवरमध्ये, बॉबिनच्या डबीखाली ठेवला.

"चेहऱ्याचे फोटो आहेत माझ्याकडे," ती म्हणाली. "हाताचा नव्हता."

मी फाइल बंद केली. सहीचा कागद फाइलच्या वरच्याच खणात होता, दोघींनाही दिसत होता.

"तुझं खरं आहे," ती म्हणाली. "मास्तर असे नव्हते. मला आधीही माहीत होतं, ही पानं नसती तरी. कुणी काही बोललं तर मी सांगेन तसं. बाजारात सांगेन, साहेबांसमोर सांगेन."

"मग..."

"पाटीवर नावं कशी असणार? शेजारी शेजारी की एकाखाली एक?"

"एकाखाली एक."

"वर कोण?"

"बाबा. वयाप्रमाणे."

"साहेबांना सांगून खाली घेतलं, तरी माझ्या पोराच्या वर नाहीतर खाली येणारच ना." तिने कात्री जागेवर ठेवली. "नको गं. मी बघितली नाही ती फिल्म, पण लोकांनी मला इतकी सांगितलीय की मला ती रोज दिसते. मास्तर हसतात आणि मग तो. ते पाण्याकडे बघून हसले असतील. हसलेच असतील. पण मला दिसायचं ते दिसतंच. त्या फाटकावरून मी रोज गणवेश घेऊन जाते."

"समजलं, मावशी."

"रागावू नकोस."

"नाही रागावले."

"आईला सांग, तिचे दोन ब्लाउज राहिलेत माझ्याकडे. पाठवते कुणाबरोबर तरी."

मी चपला घातल्या. बाहेर पडताना तिने कुत्र्याला हाड केलं. मी कोपऱ्यावर पोचेपर्यंत मशीन सुरू झालं नव्हतं.

बसमधून मी साहेबांना फोन केला. तिघांपैकी एका घराची हरकत आहे, एवढंच सांगितलं. ते म्हणाले, "बरं." मग म्हणाले, "दगड तर कापून झालाय, ताई. ओळीची जागा मोकळीच राहील आता. कुणी विचारलं तर काय सांगायचं, बघतो मी."

घरी आले तेव्हा आई टेबलाशी बसून शेंगा सोलत होती. मी फाइल ठेवायला गेले तर तो कापलेला अर्धा कागद घसरून तिच्यासमोर पडला. मला तो पटकन उचलायचा होता. इतके महिने मी तिच्यापासून हेच हसू लपवत होते. पण तिने आधीच उचलला होता.

तिने चष्मा कपाळावरून खाली घेतला. कागद उजेडाकडे धरला. त्यात फक्त बाबा होते, ओले गाल, मान वर, मागे बारा दहाचं घड्याळ. खाली काही नव्हतं. कागद तिथे सरळ रेषेत संपत होता.

ओठाची डावी बाजू वर गेलेली, ती तिने बोटाने एकदा हलकेच दाबून बघितली.

"पंपाने पाणी उचललं वाटतं," ती म्हणाली. कागद साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि पुढची शेंग हातात घेतली.